मी कुठे जातोय?

इंडियानातल्या आमच्या कॉलेजने बास्केटबॉलच्या हेड कोचला काढलं. नवा मिळेपर्यंत पोरं दुसऱ्या कॉलेजात जाऊ न देण्याचं काम असिस्टंट कोच कर्टिस वोमॅकवर पडलं. तीन आठवडे त्याने एकेकाची समजूत घातली. सगळ्यात चांगला खेळाडू टायरी, पण त्याची आई काही ऐकेना.

"नवा कोण येईल, देव जाणे. तुम्ही तरी असाल ना, कोच?"

"मी कुठे जातोय?"

तेवढ्यावर ती तयार झाली.

शुक्रवारी नवा कोच आला. "एकही पोरगा जाऊ दिला नाहीत, मानलं तुम्हाला. सोमवारी माझी माणसं येतायत, तोवर तेवढं टेबल रिकामं करा."

कर्टिसने त्याच्यासमोरच टायरीच्या आईला फोन लावला.

 

"मिसेस पेटवे, मी इथे नसणार. कॉलेज बदलायच्या अर्जाची मुदत आज पाचपर्यंत आहे."