पडायची जागा

कोकणातली मासळी घाटावर आणायला वैमानिकाशिवाय उडणारी चार छोटी विमानं घ्यावीत का, याचा हिशेब मांडून तेजस्विनी शेडगे कराडच्या आपल्या मालवाहतूक कचेरीत बसली होती. इंधन, दुरुस्ती, विमा, सगळं जमत होतं. एकच रकाना उरला होता. इंजिन बंद पडलं तर विमानानं कुठं पडायचं, हे मालकानं आधीच ठरवून द्यायचं, असा कायदा होता. हिशेबाच्या यंत्रानं सगळ्यात कमी भरपाईची जागा दाखवली: घाटमाथ्यावरचा चौदा घरांचा धनगरवाडा.

"पलीकडं जंगल आहे की," ती म्हणाली.

"राखीव आहे, मॅडम. एका झाडाची भरपाई चार माणसांएवढी," समोर बसलेला विमान विकणारा म्हणाला.

तिच्या वडिलांच्या काळापासून ट्रक चालवणारे कोकरेमामा दारात उभे होते. "तेजूताई, माझी थोरली बहीण राहते तिथं."

"मामा, बाकीच्यांनी विमानं घेतली. आपण मागं राहिलो तर सहा महिन्यांत कुलूप लागेल."

मामा म्हणाले, "मी आजच तिकडं राहायला जातो. माझं नाव त्या वाड्यात घाला आणि परत हिशेब करा."

तिनं खरोखरच नाव घातलं. वय एकसष्ट. साठीपुढच्या माणसाला कायद्यात भरपाईच नव्हती; आकडा एका रुपयानंही वाढला नाही.

मामा जिना उतरले आणि बोलल्याप्रमाणे घाटाच्या एसटीत बसले. तेजस्विनीनं त्याच दुपारी सही केली.