बाबांच्या शेजारचा ओटा

गवंडी लाफाएलेने मोजपट्टीचा डबा मासेलिनोच्या बाबांच्या थडग्यावर टेकवला, पट्टीचं टोक मासेलिनोच्या हातात दिलं आणि त्याला मागे सरकत जायला सांगितलं. दोन मीटरवर तो ‘थांब’ म्हणाला. मासेलिनो थांबला नाही. तो थेट नीरफणसाच्या झाडापर्यंत गेला. आठ मीटर भरले.

“एवढं?” लाफाएले म्हणाला. “मावशी बारीक आहे रे.”

आईच्या बारीकपणाचा इथे काय संबंध, हे मासेलिनोला कळलं नाही. ऑकलंडला अठ्ठावीस वर्षं काढल्यावर गावातल्या बऱ्याच गोष्टी त्याला कळत नसत, आणि अशा वेळी तो हसून मान डोलवी. आत्ताही डोलवली. फोनवर तर त्याने सगळं नीट सांगितलं होतं. घरासमोर, बाबांच्या शेजारी, जमिनीपासून हातभर उंच, पक्कं काँक्रीट, वर गुळगुळीत फरशी, जमलं तर पत्र्याचं छप्पर. सावाई बेटावर या वर्णनाची वस्तू एकच असते, आणि ती बहुतेक घरांसमोर असते. लाफाएलेने अशा शंभरेक बांधल्या होत्या. बाबांची तीन पायऱ्यांची, निळ्या फरशीची, त्याचीच. सध्या तिच्यावर आईने कोकोच्या बिया वाळत घातल्या होत्या.

सकाळी वाळूचा ट्रक आला तेव्हापासूनच हे असं चाललं होतं. शेजारीण एक विणलेली चटई ओसरीत ठेवून गेली होती आणि जाताना तिने डोळे पुसले होते. चर्चमध्ये प्रार्थना सांगणारे म्हातारबुवा मुद्दाम रस्ता ओलांडून आले, मासेलिनोचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की सगळ्यांची मुलं अशी नसतात, बाकीची वेळ आल्यावर धावाधाव करतात. मासेलिनोने आभार मानले. एका ओट्याचं गावाला एवढं कौतुक असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“बसायला रे,” तो आता लाफाएलेला म्हणाला. “टेबल, खुर्च्या, मांस भाजायची शेगडी. ऑकलंडला घरोघरी असतो असा ओटा.”

लाफाएलेने थडग्याची वरची पायरी थोपटली. “बसायला हे आहे की. छप्परही आहे.”

“त्यात बाबा आहेत.”

“म्हणून तर बसायचं. तेवढीच त्यांना सोबत.”

मासेलिनोने घराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. आईला तो या खेपेला कायमचं ऑकलंडला नेणार होता. तिकीट काढलं होतं. तिच्या मापाचा लोकरी कोट बॅगेत होता. घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं, आणि भाड्याने राहणाऱ्यांना कुणाच्या वडिलांवर बसून चहा प्यायला आवडत नाही, म्हणून ओटा. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. सोमवारी आल्या आल्या सांगणार होता, आज शुक्रवार.

“मग ती चटई परत करावी लागेल,” लाफाएले म्हणाला. “आणि मावशीला तू सांग. मी फक्त काँक्रीट ओततो.”

चटई का परत, हे मासेलिनो विचारणार होता. तेवढ्यात आई बाहेर आली. शुक्रवार असून तिने रविवारचा पांढरा झगा घातला होता. लाफाएलेने आखणीसाठी खुंट्यांना बांधलेली दोरी तिने झगा सावरून ओलांडली, बाबांच्या थडग्याकडे एकदा पाहून अंदाज घेतला, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसली आणि गवतावर उताणी पडली.

“आई, अगं काय करतेस?”

“बघते आहे.” तिने दोन्ही हात पोटावर जुळवले. “समुद्र ऐकू येतो इथून. चांगली जागा धरलीस.”

मग कुठे मासेलिनोला चटई कळली, मयताच्या घरी देतात ती. म्हातारबुवा कळले. त्याने मान डोलवायला घेतली आणि मध्येच थांबवली.

“एक सांगू का तुला,” आई आभाळाकडे बघत म्हणाली. “तू येतोयस म्हटल्यावर मला वाटलं, हा मला न्यायलाच येतोय. नेईल आणि तिकडे थंडीत, परक्या थडग्यांच्या रांगेत कुठेतरी ठेवून देईल. महिनाभर झोप नव्हती. आज वाळू आली, तशी चर्चमध्ये जाऊन आले. म्हटलं देवा, पोटच्या पोराबद्दल वाईट आणलं मनात, माफ कर.”

लाफाएलेने खिशातली पेन्सिल काढली, तिचं टोक तपासलं आणि परत ठेवून दिली.

“आई,” मासेलिनो म्हणाला. पुढचं वाक्य चार दिवस तयार होतं.

आईने पडल्या पडल्या डावा हात पसरून पाहिला, मग उजवा. दोन्हीकडे दोरी लांबच राहिली.

“एवढं मोठं कशाला घेतलंस पण?” ती म्हणाली. थोडा विचार केला. “बरं, असू दे. तू तरी शेवटी कुठे जाणारेस.”

लाफाएलेने घसा साफ केला. “मग माप काय धरू?”

मासेलिनोच्या बोटांतून पट्टीचं टोक सुटलं. ते सळसळत गवतावरून, आईच्या पांढऱ्या झग्यावरून, सरळ बाबांपर्यंत गेलं आणि खट्‌ करून डब्यात शिरलं.