हजार अंकांची स्ट्रिंग

"कुणाचा विश्वास बसणार नाही," म्हणत टिळेकर सरांनी खुर्ची पुढे ओढली. उद्या संगणकाची परीक्षा होती आणि अंकांची स्ट्रिंग, म्हणजे मजकुरासारखी सलग लिहिलेली अंकांची ओळ, पूर्णांकांच्या यादीत कशी बदलायची, हे अजून अर्ध्या वर्गाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. सरांना त्याचीच धास्ती होती.

"आमच्या वेळी हजार अंकांची स्ट्रिंग आली. मी एकेक अंक सुटा केला, पूर्णांक करून यादीत टाकला. संगणक असा तापला, की त्यावर पोहे परतले!"

मुलं हसली. "पुढे?"

"पुढे काय! यादीत तीन निघाला, सात निघाला, एक तर चक्क बारा निघाला. अस्सा टपोरा!"

महिनाभर तोंड न उघडलेली शर्वाणी ताडकन उठली. "सर, थाप आहे ही! एकेक अंक सुटा केल्यावर नवाच्या वरचा आकडा निघेलच कसा?"