माळ्यावरचा कंदील

उजेडात फक्त पाल होती. तोताराम आणि भिकुबाई खाली अंधारात जेवत होते.

ट्रॅक्टरची बॅटरी घरात आणून तिला हेडलाइट जोडायची कल्पना तोतारामची. हेडलाइट त्याने सुतळीने खांबाला बांधला, पण त्याचं तोंड वर गेलं ते खाली येईना. आढ्यावर लख्ख चंद्र उगवला आणि ताटातली भाकरी चाचपून शोधावी लागली.

शेजारचा लोटन दारातून डोकावला. आढ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, पाल मोठी झकास दिसी ऱ्हायनी."

तोताराम स्वतःच हसला. मग कानोसा घेतला. भिकुबाई हसली नव्हती. ती भाकरीचा तुकडा मोडत होती, तोही आवाज न करता.

गारा पडल्या त्या दिवसापासून ती बोलत नव्हती. माघातल्या त्या दुपारी आभाळ काळवंडलं आणि लिंबाएवढ्या गारांनी हरभरा झोडपून काढला, विजेचे खांब आडवे केले. वायरमन सायकलवरून येऊन सांगून गेला, पाचोऱ्यापासून इकडची सगळी लाइन जमिनीवर आहे, आठवडा तरी धरून चला. तो गेला आणि भिकुबाईने तोतारामकडे एकदाच पाहिलं.

त्या पाहण्यातलं सगळं त्याला कळलं. दिवाळीच्या साफसफाईत त्याने घरातले दोन्ही कंदील भंगारवाल्याला दिले होते आणि बदल्यात प्लास्टिकची लाल बादली घेतली होती. त्यातला एक कंदील तिच्या माहेरचा. "एक तरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली होती. "आता वीज आली, कंदील काय पूजेला ठेवायचा?" असं तोताराम चार माणसांत म्हणाला होता, आणि वर हसलाही होता.

आता तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या प्रसादासारख्या घेतल्या असत्या. पण तिने बोलणंच मिटून घेतलं. पहाटे ताक घुसळताना ती काहीबाही गुणगुणायची, तेही थांबलं. हातातल्या बांगड्यासुद्धा तिने कोपराकडे सारून ठेवल्या होत्या. अंधाराचं तोतारामला एवढं काही वाटत नव्हतं. अंधारात माणूस कुठे आहे ते आवाजावरून कळतं. इथे तेही कळेना. दोनदा तो तिच्यावरच आदळला, आणि दोन्ही वेळा भलतीकडे तोंड करून माफी मागितली ती धान्याच्या कणगीची.

शेवटी तो गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेताने म्हशीला म्हणाला, "चंद्रे, या घरमा एक शहाणा शे. कंदील दी टाका आनि बादली ली उना. आते बादलीच पेटाडा म्हना."

म्हैस रवंथ करत राहिली. स्वयंपाकघरातून चुलीवर फुंकर मारल्याचा आवाज आला. फुंकर होती की हसू, हे त्याला ठरवता आलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याला आठवलं, वडिलांचा शेतावर न्यायचा जुना कंदील माळ्यावर असणार. काच तडकलेली होती. पण तडकलेली का होईना, काच. तो पुसून, पेटवून भिकुबाईच्या पुढ्यात ठेवायचा. ती फार तर म्हणेल, काच फुटकी शे. म्हणू दे. तीन शब्द तर होतील.

माळा कापसाच्या खोलीवर होता. विकायचा राहिलेला सगळा कापूस त्या खोलीत छातीएवढा रचलेला. तिथे उघडी ज्योत न्यायची नाही, हा घरातला कायदा. म्हणून लोटनकडून आजच मागून आणलेली रॉकेलची चिमणी चुलीपाशी ठेवून तोताराम हातांनी चाचपत शिडी चढला. माळ्यावर जाळी, सुपं, पेरणीची मोडकी पाभर. मग बोटांना तारेची कडी लागली. त्याने ओढली. येईना. अजून ओढली. कडी आली, पण शिडी गेली.

शिडी फरशीवर आदळली आणि घर दणाणलं. तोतारामच्या पडण्याचा आवाज मात्र कापसाने पिऊन टाकला. तो त्या मऊ ढिगात गळ्यापर्यंत रुतला होता. हात हलले, पाय हलले, कंबरही जागेवर होती. कडी हातातच होती, आणि तिच्याखाली कंदील नव्हता, डालडाचा रिकामा डबा होता. वा रे पठ्ठ्या, तो मनात म्हणाला.

स्वयंपाकघरातून बांगड्या धावत आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. कापूस होता, तिलाही चिमणी आणता येत नव्हती.

"आयकतस का?"

तोतारामने ओ द्यायला तोंड उघडलं. तोंडात कापूस होता.

"छगनना बाप, पडनात का?" नेहमीचीच हाक, लेकाच्या नावाने.

त्याने कापूस थुंकला, घसा साफ करायला श्वास घेतला. बांगड्या उंबरा ओलांडून दोन पावलं आत आल्या. मग ती कधी नव्हे अशा आवाजात म्हणाली,

"तोताराम."

मांडवात बायकांनी फारच गळ घातली तेव्हा तिने ते नाव एकदा घेतलं होतं, तेही अर्धं गिळून. त्यानंतर मतदार यादीवाल्याने नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हासुद्धा तिने लोटनला हाक मारून त्याच्याकडून सांगवलं होतं.

कापसात उताणा पडलेल्या तोतारामचं तोंड आता मोकळं होतं. ओ द्यायला काहीच अडचण नव्हती. त्याने ती दिली नाही. ती अजून एकदा हाक मारील म्हणून तो लबाड श्वास रोखून पडून राहिला.