दोन सेकंदांची गुणगुण

"पंपाची गुणगुण ऐकू येत नाही, अन् म्हणे मिस्त्रीण!" पाक दुदुंग मोठ्यानं म्हणाला. बोलायचा तो नेहमीच मोठ्यानं.

"गाडी दाखवा, हाजी," इरोह मालकाला म्हणाली. "तोंडं नंतर चालवू."

बांडुंगच्या त्या गॅरेजच्या आवारात अंगकोत, म्हणजे भाड्यानं माणसं वाहणाऱ्या छोट्या व्हॅन, दुरुस्त करता करता तिचे केस पांढरे झाले होते. तिथं मानानं पुरुषाला 'पाक' म्हणत, बाईला 'बू'. दुदुंगलाही तिनंच शिकवलं होतं. गाडी सुरू करायची नाही, किल्ली अर्धीच फिरवायची. मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणला, की करंट पोचला समजायचं. करंट सोडणारा तो लहानसा काळा रिले काढला, तर पंप मुका.

आता दुदुंग मुख्य मिस्त्री होता. म्हातारीचे कान गेले, असं त्यानंच मालकाच्या, हाजी एनतांगच्या, मनात भरवलं होतं. आज तिच्या परीक्षेसाठी गाडीत बिघाडही त्यानंच करून ठेवला होता. तो सापडला नाही, तर इरोह उद्यापासून घरी.

हाजी कॉफीचा पेला घेऊन लांब फाटकापाशी उभा राहिला.

इरोहनं आधी इंजिन तपासलं. मग डॅशबोर्डखालचे फ्यूज चाचपले, रिले चाचपला, आणि डावा हात खिशात घालून ती मागे आली. सीट उचलून टाकीवर वाकली.

"फिरवा किल्ली," पुढे किल्लीपाशी बसलेल्या दुदुंगला ती पाठमोरीच म्हणाली.

किल्ली फिरली नाही. ती वळली. "फिरवा म्हटलं, पाक!"

त्यानं फिरवली.

"आला आवाज?"

"आला की! तुम्हाला नाही?"

"नाही."

"ऐकलंत, हाजी?" दुदुंग ओरडला.

"पुन्हा फिरवा."

त्यानं हसत फिरवली. "खणखणीत आहे पंप. बू, घरी जा आता, नातवंडं सांभाळा."

"नातवंडं कधीच मोठी झाली. अजून एकदा फिरवा, आणि काय ऐकू येतं ते हाजींना नीट सांगा."

"गुंऽऽ! मधमाशीसारखं, स्वच्छ!"

हाजी पेला ठेवून जवळ आला. "बू, आता काय बोलू मी?"

"इंजिनावरचा एक प्लग काढून ठेवलाय यांनी," इरोह म्हणाली. "मघाशीच सापडला. बाकी गाडीला यांनी हात लावलेला नाही."

दुदुंगचा चेहरा उतरला. हाजी गोंधळला. "म्हणजे पंप चांगला आहे. मग तुम्हाला त्याचा आवाज का येत नाही?"

इरोहनं डावा हात खिशातून काढला आणि मूठ उघडली. तळहातावर पंपाचा रिले होता.