आजोबांसाठी चार बॅटऱ्या

“एका दिव्याला आणि एका पंख्याला चार बॅटऱ्या?” वुथीने विचारलं. “मावशी, नावेत सिनेमागृह काढताय की काय?”

कुन्थिया हसली नाही. “आजोबांना हवा लागते,” ती म्हणाली. “दिवसरात्र.”

तिने नावेच्या मधल्या फळ्यांकडे बोट केलं. फळ्यांवर ओली पोती पसरलेली, कडेला उदबत्ती लावलेली. खालून हवेच्या यंत्राची फुरफुर येत होती. वुथीने आपोआप आवाज खाली आणला. तरंगत्या गावाचा बॅटरीवाला तो. लोकांचे पंखे आणि टीव्ही चालू ठेवण्यात जन्म गेला. जीव जगवायचं काम पहिल्यांदाच आलं होतं.

“तुमचे कोण?”

“सगळ्या तळ्याचेच आजोबा. माझ्या आजीनेही त्यांना म्हातारेच पाहिलेले.”

“मग शहरात डॉक्टरकडे न्या की.”

“वाटेतच जातील. दर पावसाळ्यासारखी नदी उलटी फिरली, तळ्यात गार पाणी आलं, की त्यांना बरं वाटेल. दहा-बारा दिवस काढायचेत फक्त.”

तोवर तळं आटलेलं, पाणी गढूळ आणि तापलेलं. त्यात ढग यायला लागले होते. छपरावरचं सौर पॅनेल अर्धा दिवस झोपा काढत होतं आणि जुन्या दोन बॅटऱ्या पहाटेआधीच मान टाकत होत्या. कुन्थियाने नावेचं इंजिन देऊन दोन नव्या आणल्या होत्या. इंजिन गेलं म्हणजे मासेमारीचा अख्खा हंगाम गेला. सख्ख्या बापासाठीही कोण करतं एवढं? वुथी तिच्याकडे पाहतच राहिला.

शेजारच्या नावेतून म्हातारा मेंग ओरडला, “समजाव रे हिला! आजोबांना बघायला कुणाला येऊ देत नाही. आणि महिना झाला, घरात मासा शिजला नाही. कोळणीच्या चुलीवर भोपळा!”

“आजोबांच्या डोक्यावर बसून मासे खाणं बरं दिसतं का?” कुन्थिया पुटपुटली. मग हलकेच म्हणाली, “माझ्याच हातून त्यांची ही दशा झाली, वुथी. मीच त्यांना इथे ओढून आणलं. चौघी बहिणी लागलो उचलायला.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वुथीने नजर वळवली आणि बॅटऱ्या तपासायला घेतल्या. जुन्या दोन्ही फुगलेल्या होत्या.

“नव्या-जुन्या एकत्र जोडता येत नाहीत, मावशी. जुन्या नव्यांनाही घेऊन बुडतील. चारही एका वयाच्या हव्यात.”

“माझ्याकडे आता विकायला काही नाही.”

वुथी आपल्या होडीत उतरला आणि परवाच बसवलेल्या, त्याच बनावटीच्या दोन बॅटऱ्या काढून घेऊन आला.

“आणि तू?”

“मेणबत्तीच्या उजेडात जेवीन. बायको म्हणेल, या वयात काय हे चाळे!”

आता कुन्थिया हसली.

त्याने चारही बॅटऱ्या ओळीने मांडल्या, एका मापाच्या जाड तारा कापल्या. चारींवर सारखा भार यावा म्हणून एक तार पहिल्या बॅटरीवरून घेतली, दुसरी शेवटच्या बॅटरीवरून. “जोडताना यंत्र बंद ठेवावं लागेल. दहा मिनिटं.”

“पाच,” ती म्हणाली. “त्याहून जास्त तग धरणार नाहीत.”

फुरफुर थांबली. एवढी शांतता त्या नावेत कधी झाली नसेल. कुन्थिया फळ्यांच्या फटीतून तांब्या-तांब्याने पाणी ओतू लागली. “उकडतं त्यांना,” ती म्हणाली. खालून एक धपका आला. मग दुसरा, हळू. मग काहीच नाही.

“वुथी!”

पाना निसटला, त्याने पुन्हा उचलला. शेवटचा नट आवळला आणि बटण दाबलं.

फुरफुर सुरू झाली. दोघंही श्वास रोखून बसले. आणि खालून असा जोरदार धपका आला की उदबत्तीची राख उडाली.

“रागावले!” कुन्थिया रडत रडत हसली. “आजोबा रागावले!”

वुथीच्या अंगावर काटा आला. तारा, नट, आम्ल यांच्याशी रोजचाच संबंध. पण त्यातून कुणाचा श्वास परत येतो, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“पाया पडू का त्यांच्या?” त्याने विचारलं.

“तुला नाही तर कुणाला दाखवणार? पण गावात बोलू नकोस.”

त्याने हातपाय धुतले. तिने पोती बाजूला केली आणि दोन फळ्या उचलल्या. वुथी हात जोडून खाली वाकला. नावेच्या पोटात भरलेल्या पाण्यात, त्याच्याहून हातभर लांब असलेल्या आजोबांनी कल्ले उघडले, मिटले, आणि सुपाएवढ्या शेपटीने त्याच्या तोंडावर पाणी उडवलं.