तपासणीपुरती झोप

पाठ केलेलं सकाळपर्यंत विसरते म्हणून मैथिलीच्या मेंदूची तपासणी होती, तीही झोपेत. आदल्या रात्री पोरीला जागं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फरीदाबादहून हॉस्पिटलात येताना टॅक्सीतसुद्धा नीलानं लेकीचा डोळा लागू दिला नव्हता.

डोक्याला वायरी चिकटवता चिकटवता टेक्निशियनबाईंनी विचारलं, "रात को बच्ची ने बहुत तंग किया होगा?"

"बिल्कुल नहीं. आदत है उसे," नीला म्हणाली. रोजच ट्यूशन, मग होमवर्क, मग पहाटे ऑलिंपियाडचा क्लास. अंथरुणाला पाठ टेकायची ती मधल्यामध्ये.

शेवटची वायर लागायच्या आत मैथिली गाढ झोपली. पडद्यावर रेघा संथ सरकू लागल्या. दिवसभर वाचलेलं मेंदूत मुरतं ते याच झोपेत, असं बाई सांगत होत्या.

"हो गया. अब जगा दीजिए."

नीलानं रोजच्यासारखा लेकीच्या खांद्याला हात लावला. मैथिली दचकली आणि डोळे न उघडताच घाईघाईनं म्हणाली, "झोपले नव्हते गं आई, वाचतच होते."